ठाणे ते राजापूर, पुठ्ठ्यावरून

यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी नवा फ्रिज आला आणि त्याच्या खोक्याचा मुलांनी आल्या आल्या ताबा घेतला. दोन दिवस त्या खोक्यात संसार झाला, तिसऱ्या दिवशी धाकट्याने छपरावर चढून पाहिल्यामुळे तो संसार बसला, आणि आता हे भंगारवाल्याला देऊन टाकू, असे मी म्हणताच थोरलीने सुचवले की यातून आपण एखादा पट तयार करू. थोरली अकरा वर्षांची आहे आणि धाकटा सात. बाजारातून आणलेल्या सापशिडीचा फासा केव्हाच सोफ्याखाली गडप झाला होता, लुडोच्या सोळा सोंगट्यांपैकी अकरा उरल्या होत्या, तेव्हा मागणी रास्त होती. शिवाय गावी जायला अजून पंधरा दिवस अवकाश होता आणि ठाण्याच्या उन्हात दुपारी मुलांना खाली सोडण्याची सोय नव्हती.

सापशिडीची नक्कल करायची नाही आणि बाजारातून काहीही विकत आणायचे नाही, अशा दोन अटी मी घातल्या. दुसरी अट पाळणे सोपे गेले. पहिलीवर बरीच चर्चा झाली, आणि शेवटी धाकट्याने जो विषय सुचवला त्यावर कोणाचेच दुमत झाले नाही: गावी जाण्याचा खेळ. आमचे गाव राजापूरजवळ आहे. ज्यांनी मुंबई-गोवा महामार्गाने गणपतीला किंवा मे महिन्यात प्रवास केला आहे, त्यांना हे सांगायला नको की तो प्रवास मुळातच सापशिडीसारखा असतो.

पुठ्ठ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमचा पहिला पट फुकट गेला तो पुठ्ठ्याचा स्वभाव न ओळखल्यामुळे. खोक्याचा पुठ्ठा हा एक जाड कागद नसतो. दोन सपाट कागदांच्या मधे नागमोडी कागद चिकटवलेला असतो, आणि जड वस्तूंच्या खोक्यात असे नागमोडी थर दोन असतात. या नागमोडी रेषांना समांतर घडी घातली तर ती सरळ बसते. आडवी घातली तर पुठ्ठा कुरकुरतो, चुरगळतो आणि घडीची रेघ भलतीकडेच जाते. आम्हाला पट दुमडून कपाटाच्या मागे ठेवता यायला हवा होता, म्हणून थोरलीने कडेवरून त्या नळ्यांची दिशा पाहिली, शाई संपलेले बॉलपेन लोखंडी पट्टीच्या कडेने दाबून ओढले आणि मग घडी घातली. कटर मात्र मी माझ्या हातातच ठेवला होता.

वर चिकटवायला भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची मोठी पाने घेतली, कारण त्यांची पाठ कोरी होती. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ केली. दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, मग कपभर पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचे, आणि पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक दिसू लागले की उतरवायचे. माझ्या लहानपणी पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालत, म्हणजे तिला कीड लागत नसे. पण ते विष आहे आणि धाकटा अजून बोटे चाटतो, म्हणून आम्ही नुसतीच खळ वापरली. या निर्णयाचे परिणाम पुढे दिसले.

पहिला पट सकाळी पाहिला तो होडीसारखा वर वळलेला होता. ओला कागद पसरतो आणि वाळताना आकसतो. तो एकाच बाजूला चिकटवला की वाळताना सगळा पुठ्ठा आपल्याकडे ओढून घेतो. मुलांनी त्यावर पाणी शिंपडून, बसून, उलटा करून पाहिला, पण होडी ती होडीच राहिली. दुसऱ्या पटाला आम्ही दोन्ही बाजूंनी कागद लावला, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी झाली, आणि तो गव्हाच्या डब्याखाली दोन रात्री ठेवला. डबा उचलताना दिसले की वरच्या डाव्या कोपऱ्यात खळ जास्त झाली होती आणि दबून बाहेर आली होती. ती आम्ही तशीच राहू दिली.

आता रस्ता आखायचा होता. धाकट्याच्या मते खेळ नेहमी खालून सुरू होतो. थोरलीच्या मते नकाशात उत्तर वर असते, म्हणून ठाणे वर आणि राजापूर खाली असायला हवे, आणि समुद्र डाव्या हाताला. तिचे म्हणणे मान्य झाले. वरच्या डाव्या कोपऱ्यात ठाणे आले, आणि तिथून पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी घाट, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा आणि लांजा असे करत रस्ता ७२ घरांत राजापूरला पोहोचला. पेणला गणपतीची मूर्ती पाहायला उतरायचे, म्हणजे एक डाव गेला. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, तिथे एक पडला तर गाडी चुकून अलिबागकडे जाते आणि तीन घरे जाऊन तीन घरे परत यावे लागते. कशेडी घाटाची नऊ घरे वेटोळी काढली, पण घाटाच्या तोंडाशी नेमके येऊन थांबणाऱ्याला बोगद्यातून थेट पलीकडे जाता येते. प्रत्यक्षातही आता तिथे बोगदा झाला आहे, त्यामुळे ही शिडी काल्पनिक नाही, याचा थोरलीला विशेष आनंद झाला.

महाडचा किस्सा वेगळा आहे. स्केचपेनने रंगवलेल्या पटावर चमक यावी म्हणून धाकट्याने त्यावर पातळ केलेला डिंक फासला आणि सावित्री नदीचा निळा रंग महाडच्या तिन्ही घरांवर पसरला. तो रडवेला झाला. मी कागदाचा तुकडा वर चिकटवून देणार होतो, तेवढ्यात थोरलीने त्या डागावर लिहून टाकले, “पाणी आले आहे, उतरेपर्यंत एक डाव थांबा.” पावसाळ्यातले महाड ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा नियम पटावा. त्यानंतर पटावर डिंक कोणी फासायचा नाही, असेही ठरले.

सोंगट्यांसाठी बाटल्यांची झाकणे घेतली. मे महिन्यात पंखा बंद करता येत नाही आणि पंख्याखाली प्लास्टिकचे रिकामे झाकण जागेवर राहत नाही. संगमेश्वरला पोहोचलेली गाडी वाऱ्याने माणगावला आली की भांडण ठरलेले. गेल्या गणपतीची थोडी शाडू माती डब्यात उरली होती, ती भिजवून झाकणांत भरली आणि वाळू दिली. आता गाड्या पटावर ठाम बसतात आणि हातालाही बऱ्या लागतात. नशिबाच्या चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापल्या. त्यांतल्या काहींच्या पाठीवर अजून अर्धा गणपती किंवा ‘सहकुटुंब सहपरिवार’मधला ‘परिवार’ दिसतो. मजकूर मुलांचा आहे. “डब्यातले लाडू पनवेललाच संपले, दोन घरे मागे” ही चिठ्ठी धाकट्याची, आणि “बाबा रस्ता विचारत नाहीत, तीन घरे मागे” ही कोणाची ते मला अजून कळलेले नाही.

फासा बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यातून केला होता. पहिले दोन डाव धाकट्याने जिंकले, तिसराही जिंकला, आणि थोरलीच्या लक्षात आले की त्याला पाच फार पडतात. नीट पाहिले तर सर्वांनाच पाच फार पडत होते; फरक इतकाच की त्याला ते आधी कळले होते आणि पाचवर कोणती घरे येतात हे तो मोजून ठेवत होता. आम्ही फासा साठ वेळा टाकला आणि वहीत रेघा मारल्या. फासा सरळ असता तर प्रत्येक आकडा दहाच्या आसपास यायला हवा होता. पाच एकवीस वेळा आला. मग घनाकृती उलगडून पाहिली, तेव्हा चिकटवण्याच्या साऱ्या पट्ट्या दोनच्या बाजूला जमलेल्या दिसल्या. जड बाजू खाली बसते आणि तिच्यासमोरची वर येते, म्हणजे दोन खाली आणि पाच वर. धाकट्याने गुन्हा कबूल केला नाही. फासा त्याचा नव्हता, हे त्याचे म्हणणे तसे खरेच होते.

याच दिवसांत माझी आई स्वयंपाकघरात वर्षाची चिंच फोडून मीठ लावून ठेवत होती आणि चिंचोक्यांचा ढीग टाकून देण्याच्या वाटेवर होता. फाशाची हकीकत ऐकून तिने त्यातले आठ-दहा मोठे निवडले आणि नातवंडांना गॅलरीतल्या खडबडीत फरशीवर नेले. चिंचोका एका बाजूने घासत राहायचे, वरचे तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग सपाट दिसला की झाले. सांगायला सोपे आहे, पण एका चिंचोक्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि बोटांची नखे झिजतात. घासलेला चिंचोका गरम होतो आणि तो दुसऱ्याच्या दंडाला लावता येतो, हा शोध धाकट्याने आजीने न सांगता लावला. “आम्ही हेच करायचो,” असे आई म्हणाली आणि तिने त्याला रागावण्याचे काम माझ्याकडे दिले.

चार चिंचोके एकदम टाकायचे. पांढरी बाजू वर आली तर उताणा, तपकिरी वर आली तर पालथा. जितके उताणे तितके दान. चारही पालथे पडले तर आठ. पाच-पाच घरांच्या ज्या चौकोनी पटाला कोणी चल्लस आठ म्हणतात, तो आई लहानपणी पडवीत कोळशाने आखून याच चिंचोक्यांवर खेळत असे. थोरलीला प्रश्न पडला की दोन इतक्या वेळा का येतात. मी उत्तर द्यायच्या आधीच तिने वहीत उ आणि पा अशी अक्षरे लिहून सारे प्रकार मांडायला घेतले: उउउउ, उउउपा, उउपाउ, असे करत सोळा झाले. त्यांत एकच उताणा असलेले चार निघाले, दोन असलेले सहा, तीन असलेले चार, चारही उताणे असलेला एक आणि चारही पालथे असलेला एक. “म्हणून आठ एवढे अवघड आहेत!” असे ती म्हणाली, आणि मी मधे तोंड घातले नाही याचे मला आजही समाधान आहे. चिंचोक्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसल्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पण फाशासारखा एकाच आकड्याचा हट्ट त्यांत नव्हता.

फाशाचा दोष गेला आणि खेळ बिघडला. आमचा नियम असा होता की माणगावच्या कोंडीत अडकलेल्या गाडीने सहा पडल्याशिवाय हलायचे नाही. चिंचोक्यांत सहा नाहीतच. मुलांनी घाईने ‘चार किंवा आठ’ असा बदल केला, आणि त्या दुपारी आम्ही चौघे एक तास पन्नास मिनिटे खेळलो. त्या वेळात एकही गाडी पोलादपूर ओलांडू शकली नाही. तीन गाड्या तर माणगावलाच उभ्या होत्या. हे अगदी प्रत्यक्षासारखे झाले आहे, असे माझी पत्नी म्हणाली, पण मुलांना त्यात विनोद दिसला नाही. थोरलीने सोळा प्रकारांची यादी पुन्हा काढली. चार किंवा आठ हे सोळांत दोनदाच येतात, म्हणजे सरासरी आठ डाव कोंडीत. फाशाच्या सहासाठी सरासरी सहा डाव लागत होते. आम्ही सोपे करायला गेलो होतो आणि अवघड करून बसलो होतो. शेवटी कोंडी ‘दोन’वर सुटेल असे ठरले, कारण दोन सोळांत सहा वेळा येतात.

माझ्या मते घरी केलेल्या खेळांची खरी अडचण इथेच असते. पट रंगवून झाला की खेळ झाला असे मोठ्यांना वाटते, फोटो काढले जातात, आणि दोन दिवसांनी मुले त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण तो खेळ खेळण्यासारखा झालेलाच नसतो. आम्ही नियमांची एक वही केली आणि ठरवले की एका डावानंतर एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही. धाकट्याला हे अजिबात मान्य नव्हते, त्याच्याकडे रोज सात-आठ सुधारणा तयार असत, आणि त्यांतल्या निम्म्या त्याच्या स्वतःच्या गाडीच्या सोयीच्या असत.

वहीतला सर्वांत मोठा बदल लांबीचा होता. फाशाचे सरासरी दान साडेतीन. आमच्या चार चिंचोक्यांचे अडीच. म्हणजे मधे काहीच अडथळा नसता तरी ७२ घरांसाठी फाशाने सुमारे एकवीस डाव लागले असते आणि चिंचोक्यांनी एकोणतीस. घरे कमी करायची तर सगळा पट पुन्हा आखावा लागला असता. आईने सुचवले की चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळावे, तसे त्यांच्या खेळात मिळत असे. हिशेब केला तर त्याने डाव पंचवीसवर आले. उरलेले काम अडथळे काढून करायचे ठरले, कारण पटावर अडथळे चौदा होते आणि बोगदे, रिकामा रस्ता, ओळखीचा ट्रकवाला असे सगळे मिळून फायद्याच्या जागा पाचच. आपण इतके दुष्ट कसे झालो, असे थोरलीने विचारले.

तेव्हा मी तिला मोक्षपटाविषयी सांगितले. आपली सापशिडी त्या जुन्या पटावरून आली. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्यांच्या काळातला तसा पुरावा मात्र नाही. त्या पटांवर शिड्या पुण्याच्या आणि साप पापाचे असत, आणि साप शिड्यांपेक्षा जास्त असत, कारण मोक्ष सहज मिळत नाही हेच त्यांना दाखवायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये छापला जाऊ लागला, तसा त्यातला पाप-पुण्याचा हिशेब बदलत गेला आणि साप-शिड्यांची संख्या बरोबरीकडे आली. पचिसीचेही तसेच: १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये लुडोचे पेटंट घेतले गेले, त्यात कवड्या गेल्या आणि फासा आला. थोरलीने यावर थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे आपण फासा काढून चिंचोके आणले ते उलटे गेलो.” धाकट्याला मोक्षात रस नव्हता, राजापूरला पोहोचल्यावर आंबे मिळतात का, एवढेच त्याने विचारले. पाच अडथळे कमी झाले. कोणते काढायचे यावर मतदान झाले, आणि ‘टायर पंक्चर’ हा अडथळा केवळ त्याचे चित्र चांगले आले होते म्हणून वाचला.

शेवटच्या घरात नेमके दान पडल्याशिवाय जायचे नाही, हा आईचा आग्रह होता. एक घर उरले असता नेमका एक पडण्यासाठी सरासरी चार डाव लागतात, आणि तोवर मागचा माणूस गाठतो, म्हणून मला तो नियम आवडला. धाकट्याने मात्र विचारले की गावाच्या वेशीवर पोहोचल्यावर आपण दान पडेपर्यंत गाडीत बसून राहतो का. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आता ७२ किंवा त्यापुढचे काहीही पडले की गाडी घरी पोहोचते. परतीचा प्रवास त्याच पटावर उलटा खेळावा, अशी सूचना मी केली होती, ती एकमताने फेटाळली गेली. गावाहून परत यायला कोणाला आवडते, असे मलाच उलट विचारण्यात आले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पट दुमडून गाडीच्या डिकीत टाकला आणि राजापूरला नेला. तिथे चुलत भावंडांनी दोन दिवसांत रस्ता पुढे खारेपाटण, कणकवली, कुडाळ असा सावंतवाडीपर्यंत वाढवला, त्यासाठी आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा जोडला गेला आणि त्या भागाचे नियम आमच्या वहीत नाहीत. आमचा वाढलेला पट आम्ही गावीच ठेवून यायला नको होते, पण जोडलेला भाग सोडवता येईना. गणपतीला पुन्हा गेलो तेव्हा माळ्यावरून तो उतरवला. पावसाळ्याच्या दमटपणात बुरशीचे काही ठिपके आले होते, ते कोरड्या फडक्याने पुसून निघाले. ज्या कोपऱ्यात खळ जास्त झाली होती तो मात्र झुरळांनी खाल्ला होता; ठाणे पूर्ण गेले, पनवेल गेले आणि कर्नाळ्याचे अर्धे जंगल गेले. मुलांनी थोडा वेळ पाहिले, थोरलीने वहीत तारीख टाकून एक ओळ लिहिली, आणि चिंचोके बाहेर निघाले. आता आमची गाडी पेणहून सुटते.